बोट दाखवणारी

धाकट्याने चौदा महिन्यांनी फोन केला आणि कशी आहेस, बरी आहेस ना, असलं काही न विचारता थेट मुद्द्यालाच हात घातला. "ताई, बरगडी मोडताना नेमका कसा आवाज होतो?"

दुसऱ्या कुणाची बहीण असती तर घाबरली असती, नाहीतर चिडली असती. ताईने फोन खांद्याने कानाशी दाबला, हातातली सुरी पुसली आणि विचारलं, "मेंढीची की डुकराची? आणि कशाने मोडायची आहे? सत्तुराने मोडली तर एक आवाज, हाताने पिरगाळली तर दुसरा." तिचा धंदाच तो होता. मांस कापण्याच्या कारखान्यात ती बावीस वर्षं उभी होती. थंडगार हॉल, रबरी बूट, डाव्या हातात पोलादी जाळीचा मोजा, आणि समोर आकड्याला टांगलेल्या धडांची रांग. प्राणी कुठे सांध्यात सुटतो आणि कुठे हट्टाला पेटतो, हे तिच्या हाताला डोळे मिटूनही कळायचं.

धाकटा गेम बनवायचा. चार माणसांच्या एका छोट्या कंपनीत तो पडद्यावरची घरं रचायचा आणि त्या घरांत आवाज भरायचा. ताईला त्यातलं फारसं कळत नसे. कारखान्यात कुणी विचारलं तर "कॉम्प्युटरचं काहीतरी करतो" एवढं सांगून ती विषय मिटवायची. बहीणभावांत भांडण नव्हतं. नुसतं बोलणं आटत गेलं होतं, आणि त्याचं कारण आपल्या एकटीलाच ठाऊक आहे असं ताई तीस वर्षं धरून चालली होती. ते कारण त्याला कळलं तर भाऊ म्हणून जो काही उरला आहे तोही जाईल, या भीतीने तिने ते पोटात ठेवलं होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती एका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये अर्धी मेंढी आणि काखेत सुऱ्यांची गुंडाळी घेऊन निघाली. कंपनी तिसऱ्या मजल्यावर होती, खाली टायरचं दुकान. दार उघडलं ते पन्नाशीतल्या, हाडं मोजून घ्यावीत अशा एका माणसाने. त्याला सगळे मरतुकड्या म्हणत आणि त्याला त्याचं काही वाटत नसे, कारण दिवसभर मरायचं याचाच त्याला पगार मिळत होता. गेम खेळायचा, मरायचं, कसा मेलो ते लिहून ठेवायचं आणि पुन्हा खेळायला बसायचं.

"सकाळपासून अकरा झाले," क्रेट हातात घेत तो म्हणाला. "तुम्ही आलात म्हणून बाराव्याला जरा उशीर."

आतल्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या. मधोमध टेबल, टेबलावर लाकडी फळी आणि वरून लोंबणारा माईक. धाकटा हेडफोन लावून कोपऱ्यात बसला होता. चेहरा वाळला होता, केस विरळ झाले होते. "आलीस," एवढंच तो म्हणाला आणि ताईने एप्रन बांधला.

मग ती कापत गेली आणि तो ऐकत गेला. बरगड्या तिने एकेक करून मोडल्या, आधी सत्तुराने, मग दोन्ही हातांत धरून मागे वाकवून. खांद्याचा सांधा पिरगाळून उपटला तेव्हा ओल्या लाकडाची फळी निघावी तसा आवाज आला. कुर्चेतून सुरी ओढली, मांसाच्या घडीत बोटं खुपसून पडदा फाडला. फळीवरून रक्ताचं पाणी तिच्या बुटांवर ठिबकत होतं.

"कवटी हवी होती एक," धाकटा म्हणाला.

"कवटी नाही आणली. गुडघा फोडते, ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. ज्याची असते त्यालाच कळतो."

माईकमागे मरतुकड्या खुदकन हसला आणि ते सगळं पुन्हा रेकॉर्ड करावं लागलं.

शेवटी धाकट्याने खणातून एक चामडी पट्टा काढला. रुंद, तपकिरी, जड बकलाचा. "हा मांसावर मारायचा आहे. बकलाच्या बाजूने. मी दहा वेळा करून बघितलं, माझा हात हलका पडतो."

ताईने पट्टा घेतला. मुठीला कसा गुंडाळायचा आणि बकल किती मोकळं सोडायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. ते तिने लहानपणी रोज पाहिलं होतं. तिने एकदाच मारलं. मांडीच्या मांसावर चंद्रकोरीसारखी खोच पडली आणि धाकट्याने डोळे मिटले. दुसऱ्यांदा मारायला त्याने सांगितलं नाही.

मिटल्या डोळ्यांनी ऐकताना त्याने मान वळवून उजवा कान माईककडे केला होता. ही सवय फक्त ताईलाच दिसली असणार. त्याचा डावा कान सातव्या वर्षी गेला होता, असल्याच एका बकलाखाली. बाहेर कुणाला त्याने ते कधी सांगितलं नव्हतं. आवाजाचं काम करणारा माणूस एका कानाने बहिरा आहे हे कळल्यावर त्याला कोण ठेवेल.

मांस क्रेटमध्ये गेलं, फळी धुतली आणि मरतुकड्याने ताईला बाहेरच्या खोलीत नेऊन गेम दाखवला. "सोपं आहे. तुम्ही एक लहान मूल. दुपारचे तीन वाजलेत, घरात एकटे. घरधनी कामावरून आलाय. आई सहाला येणार. तोवर जगायचं."

"कुणाचं घर?"

"तेच तर. दर वेळी वेगळं. खोल्या त्याच सात, पण मांडणी बदलते. या खेपेला स्वयंपाकघरामागे जिना, पुढच्या खेपेला जिन्यामागे न्हाणीघर. कॉम्प्युटर फासे टाकतो. आणि मेलात की संपलं, सगळं पुसलं जातं. सापडलेल्या किल्ल्या, ओळखीच्या झालेल्या खोल्या, काही म्हणता काही उरत नाही. पुन्हा नवं घर, पुन्हा तीन वाजता सुरू."

"घर नवं, माणूस तोच," ताई म्हणाली.

"माणूस तोच. त्याला काहीच होत नाही. भोसका, जाळा, जिन्यावरून ढकला, तो उठतो."

मरतुकड्या खेळायला बसला. पडद्यावर एक लांबलचक खोली, अर्धवट ओढलेले पडदे, उन्हाचे पट्टे. तो पलंगाखाली शिरला, बाहेर आला, दाराशी पोचला, आणि कुठून तरी एक हात आला. त्या हाताने त्याला घोट्याला धरून उलटं केलं, दाराच्या चौकटीवर एकदा आपटलं, दुसऱ्यांदा आपटलं, आणि तिसऱ्यांदा आपटायला डोक्याचं काही उरलं नाही. पडदा लाल झाला आणि मग काळा.

"पुन्हा डावीकडून," तो कपाळाला हात लावून म्हणाला. "उजवीकडून येतो तेव्हा पाऊल न पाऊल वाजतं. डावीकडून आला की चिडीचूप. कंपनीच्या मालकांचंही तेच म्हणणं आहे. सोमवारी बाहेरच्या लोकांना दाखवायचंय. तोवर नीट झालं नाही तर आवाजाचं काम दुसऱ्या कुणाला देतील म्हणे."

"आवाज आहे," धाकटा आतल्या खोलीच्या दारातून म्हणाला. "मी रोज ऐकतो. तुमचे हेडफोन खराब असतील."

"तीन जोड बदलले राव."

धाकटा आत निघून गेला. ताईच्या मात्र लख्ख ध्यानात आलं. डावीकडून कुणी आलं तर कळायचंच नाही, हे त्याला बिघाड वाटतच नव्हतं. त्याचं सगळं जग तसंच होतं. असली चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती, आणि तिचं मूळ जिथे होतं तिथे बोट ठेवायचं तर आधी स्वतःवर ठेवावं लागलं असतं.

"मी बघू का जरा?" ती म्हणाली.

मरतुकड्याने खुर्ची दिली, हेडफोन दिले, कुठलं बटण दाबलं की काय होतं ते सांगितलं. पहिल्या दोन खेपांना ती दोन मिनिटांतच मेली. एकदा घरधन्याने तिचा हात दारात चेंगरला आणि दार दाबत राहिला. दुसऱ्यांदा न्हाणीघरात तोंड बादलीत धरलं, पाण्यावर बुडबुडे येत राहिले आणि मग यायचे थांबले. मरतुकड्याने दोन्ही मरणं इमानाने लिहून घेतली.

तिसऱ्या खेपेला ताईने बघणं सोडून ऐकायला सुरुवात केली.

घरधन्याची एक चप्पल घासत येत होती, फक्त एक. बोटात किल्ल्यांचा जुडगा होता आणि तो चालताना वाजवत होता. खोलीत शिरण्याआधी खाकरत होता, खाकरल्यावर तीन श्वास थांबत होता. ताईला पुढचंही ठाऊक होतं. किल्ल्या वाजतात तोवर ठीक, वाजायच्या थांबल्या की त्या मुठीत गेल्या, आणि मूठ वळली की कुठेतरी पडणार. बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली होती. दोघांपैकी कुणाच्याही डोळ्याला पाणी आलं नव्हतं, आणि लोक काय म्हणतील याला दोघांनीही भीक घातली नव्हती. आता ते जसेच्या तसे हेडफोनमध्ये खाकरत होते.

मग ती खेळली. घर अनोळखी होतं, पण माणूस पाठ होता. खाकरणं ऐकलं की तीन श्वासांत खोली बदलायची. किल्ल्या थांबल्या की जमिनीला चिकटायचं. उजवीकडचं तिला ऐकू येत होतं, आणि डावीकडचं येत नव्हतं म्हणून ती डावा खांदा सतत भिंतीला लावून फिरत होती. धाकटाही लहानपणापासून रस्त्याने असाच चालायचा, हे तिला तेव्हा आठवलं. पडद्यावरच्या घड्याळात चार वाजले, साडेचार, पाच.

"इथवर अजून कुणी आलेलं नाही," मरतुकड्या हलक्या आवाजात म्हणाला.

पाच वाजून दहा मिनिटांनी चपलेची घासट जवळ आली आणि तिला भिंतीतलं कपाट दिसलं. खालचा कप्पा, दाराला हवेसाठी तारेची जाळी. ती आत शिरली, दार ओढून घेतलं आणि जाळीतून बाहेर बघत बसली.

खोलीत एक मुलगी उभी होती. दहा-अकरा वर्षांची, दोन वेण्या, एका वेणीचं टोक दातांत धरलेलं. एका पायावर उभी, दुसऱ्या पायाचा अंगठा टाचेवर घासत. घरधनी आत आला, पट्टा मुठीला गुंडाळलेला. त्याने तिच्याकडे बघून नुसती मान उडवली. मुलीने डावा हात उचलला आणि कपाटाकडे बोट केलं.

दार उघडलं. बकल पहिल्यांदा डाव्या कानावर बसलं, मग त्याच जागी पुन्हा. दात फरशीवर विखुरले. घरधन्याने तिला कपाटातून केसांनी ओढून काढलं आणि पट्टा खाली येत राहिला, मूल मेल्यानंतरही बराच वेळ. पडदा काळा झाला.

ताईचे हात माऊसवर तसेच राहिले. त्या दिवशी बाबांचा रेडिओ फुटला होता. धाकट्याच्या हातून पडला होता, सात वर्षांचं पोर ते. तिने त्याला कपाटात घातलं, दार लावलं आणि स्वतः बाहेर राहिली. बाबांनी एकदाच विचारलं, "कुठे आहे?" एकदाच. आणि तिचा हात वर गेला. पुढचं तिने भिंतीकडे तोंड करून ऐकलं. कपाटाचं दार बंद होतं, त्याला काय कळणार, बाबांनाच सापडलं असं त्याला वाटलं असेल, या एका भरवशावर तिने तीस वर्षं काढली होती. जाळीचा विचार तिने कधी केलाच नव्हता. वेणी दातांत धरल्याचं तर तिला स्वतःलाही आठवत नव्हतं.

त्याने पाहिलं होतं. पहिल्या दिवसापासून त्याला माहीत होतं.

"ती पोरगी फार हरामखोर आहे," मरतुकड्या सहानुभूतीने म्हणाला. "सांगायचंच राहिलं. ती सगळीकडे असते, कुठल्या खोलीत ते नशीब. दिसली की आधी तिला उडवायची. स्वयंपाकघरात सुरी मिळते. घरधन्याला तिने काही होत नाही, हिला होतं. खेळून बघायला दिलेल्यांतला एकूण एक जण तेच करतो."

"मारता येते तिला?"

"मग काय. तिला मारल्याशिवाय सहा वाजायचेच नाहीत."

ताईने नवं घर सुरू केलं. या खेपेला स्वयंपाकघर अगदी दाराशीच होतं. तिने सुरी उचलली आणि लपणंबिपणं सोडून खोल्यांमागून खोल्या धुंडाळत सुटली. तिला मुलगी जिन्याच्या वळणावर सापडली. मुलगी पळाली नाही. वेणी दातांत धरून नुसती बघत राहिली.

लोक पोटात भोसकत असतील, ताईने ते केलं नाही. कुठे मारायचं हे तिला ठाऊक होतं. जबड्याखाली, कानामागे, वरून खाली एकाच ओढीत. रक्ताची चिळकांडी भिंतीवर गेली. वेणी तोंडातून सुटली. मुलगी गुडघ्यावर आली आणि ताईने पुन्हा मारलं, मग पुन्हा. जो हात वर गेला होता तो तिने मनगटापासून तोडला, आणि त्या हाताचं बोट सुटं केलं. गेममध्ये एवढी सोय आहे हे मरतुकड्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने लिहायचं थांबवलं. कापण्याचा आवाज कोबी चिरून काढलेला होता, खऱ्या मांसाचा नव्हता, हे ताईला त्या भरातही कळलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती बटण दाबत होती.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी घरधन्याने तिला गाठलं, डावीकडून, कुठलाही आवाज न करता. त्याने तिला त्याच जिन्यावर मणक्यात मोडलं. तिला ते नीटसं दिसलंही नाही.

"विक्रम," मरतुकड्या चाचरत म्हणाला. "पाच चाळीस. लिहू ना?"

"तुम्ही जेवून या," मागून धाकटा म्हणाला. तो केव्हापासून उभा होता कोण जाणे.

मरतुकड्या डबा घेऊन खाली गेला. ताई उठली, आतल्या खोलीतल्या बेसिनपाशी गेली आणि धुतलेल्याच सुऱ्या पुन्हा धुवायला लागली. धाकटा टेबलाला टेकून उभा राहिला, उजवा कान तिच्याकडे करून.

"त्या दिवशी मी दाखवलं होतं," ती नळाकडे बघत म्हणाली. "कपाट. मी बोट केलं होतं. तुझा कान माझ्यामुळे गेला."

"माहीत आहे."

"कधी बोलला नाहीस."

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो. बराच थांबलो."

पाणी वाहत राहिलं. मग त्याने हात लांब करून नळ बंद केला. "कान त्याच्यामुळे गेला, ते असू दे. पण राग नव्हता असं समजू नकोस हां. पहिलं वर्षभर त्या पोरीला मीच मारत होतो. सतरा प्रकारे. एकात तर तिचं ते बोट दाराच्या बिजागरीत घालून दार लावायचं होतं, हळूहळू. मालकांनी बघितलं आणि म्हणाले, हे फार होतंय, काढून टाक. तू आज केलंस ना मनगटाचं, ते त्यातलंच उरलेलं आहे."

"बरं वाटायचं?"

"पहिल्यांदा वाटायचं. मग एक दिवस गेममधल्या कपाटाचं माप चुकलं. रुंदीला दुप्पट आकडा पडला. मी आत बसून बघतो तर शेजारी ही एवढी रिकामी जागा. आणि मला आठवलं. ताई, मी सरकलो होतो."

"कुठे?"

"कपाटात. तू मला आत घातलंस ना, मला वाटलं तूही येतेस. म्हणून मी भिंतीला चिकटून बसलो होतो, पाय पोटाशी घेऊन. तुला जागा केली होती. आणि तू दार लावलंस. बोट दाखवलंस त्याचं मला एवढं नाही. त्याच्यासमोर कुणीही दाखवलं असतं. पण तू आत का नाही आलीस? मावलो असतो की दोघं."

खरं होतं तेवढं ती म्हणाली. "मला वाटलं तुझ्यापुरतंच आहे. मी बाहेर राहून त्याला काहीतरी थाप मारणार होते. मनात जुळवूनही ठेवली होती. पण तो आला आणि माझी बोबडी वळली. तोंड उघडेना, म्हणून हात उठला. मी फार भित्री होते रे. मला क्षमा कर."

"करीन," तो म्हणाला. "आज लगेच नाही होणार."

"बरं."

तो तिला बाहेरच्या खोलीत घेऊन गेला आणि नवं घर सुरू केलं. या वेळी तो स्वतः खेळत होता. ती बघत उभी राहिली. त्याने सुरी घेतलीच नाही. तीन खोल्या ओलांडून कपाट शोधलं, आत शिरला आणि दार उघडंच ठेवलं. मुलगी समोर उभी होती, वेणी दातांत. पलीकडच्या खोलीत कुणीतरी खाकरलं.

"दार लाव," ताईच्या तोंडून निघून गेलं.

"तीन श्वास ठेवायचं उघडं. खाकरणं ऐकल्यावर एवढा वेळ कुणाचाच धीर टिकत नाही, म्हणून हे अजून कुणाला सापडलेलं नाही. मरतुकड्यालासुद्धा नाही."

एक श्वास झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला मुलीने पाय जमिनीवर टेकवला, धावत आली आणि कपाटात शिरली. धाकट्याने आतून दार ओढलं. घरधनी खोलीत आला. विचारायला त्याला कुणीच मिळालं नाही. जाळीतून त्याचा पट्टा हेलकावे घेताना दिसत राहिला, मग तो निघून गेला.

ताई त्या मुलीकडे बघत होती. कपाटात ती मुलाच्या डाव्या बाजूला बसली होती.

"एक सांगू?" ती म्हणाली. "मरतुकड्या खोटं बोलत नाहीये. डावीकडून तो येतो तेव्हा खरंच आवाज नाही. अजिबात नाही."

धाकट्याने खेळ थांबवला. तो म्हणाला, "मला वाटलं, डावीकडून तो असाच येतो."

"नाही रे. तिकडूनही वाजत यायचा. चप्पल, किल्ल्या, सगळं. मला ऐकू यायचं."

त्याने मान हलवली. दोनदा. मग दुसरा हेडफोनचा जोड काढला, तिच्या हातात दिला आणि पडद्यावर आवाजाच्या पट्ट्या उघडल्या. त्याने काहीतरी वर केलं आणि तिच्याकडे बघितलं. तिने नकारार्थी मान हलवली. त्याने अजून वर केलं.

दुपारभर ते मरत राहिले. घरधन्याने त्यांना कपाटाच्या दारासकट चिरडलं, पायऱ्यांवरून फरफटत नेलं, एकदा दोघांची टाळकी एकमेकांवर आपटली. प्रत्येक मरणानंतर ताई सांगत होती, अजून लांबून येतोय, आता फार मोठा झाला, किल्ल्या आहेत पण चप्पल नाही. मरतुकड्या जेवून आला, दारातून सगळं बघितलं आणि आपली वही मुकाट्याने टेबलावर ठेवून परत खाली गेला.

तेराव्या का चौदाव्या मरणाच्या आधी ताईने एकदम हात वर केला. "आला. डावीकडून. चप्पल घासतेय, जुडगा वाजतोय. हाच तो."

धाकट्याने हेडफोनची डावी वाटी उगाचच कानाशी दाबून धरली. त्याला काही ऐकू येणार नव्हतं. त्याने तिच्या शब्दावर तो आकडा पक्का केला, आणि घरधन्याने दोघांना गाठून मारलं ते मारलंच. पडदा काळा झाला, सगळं पुसलं गेलं.

"अजून एकदा बघू," तो म्हणाला आणि पाठ आखडली म्हणून उभा राहिला.

पडद्यावर नवं घर उभं राहत होतं. तीन वाजले होते आणि कपाट कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. ताई खुर्चीसकट भिंतीला चिकटली, पाय जवळ घेतले, आणि तिच्या उजवीकडे मोकळी झालेली जागा तिने एप्रनने पुसून काढली. तो आला आणि तिथे बसला.